सोंगातला माणूस शोधा: जुने जपानी राक्षसपट पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

मी बघितलेला पहिला जुना जपानी गॉडझिला १९७३ सालचा होता. हॉस्टेलची खोली, आम्ही सहा जण, एक छोटा मॉनिटर आणि कुठून तरी आणलेली फुटकी प्रत. शेवटच्या मारामारीत गॉडझिला शेपटीवर तोल धरून, दोन्ही पाय हवेत ठेवून, घसरगुंडीवरून आल्यासारखा लांबून येतो आणि शत्रूला लाथ घालतो. लगेच पुन्हा मागे जाऊन तेच करतो. खोली हसून लोळली. मीही लोळलो, आणि पुढची सात-आठ वर्षं ‘ते रबरी पिक्चर’ म्हणत त्या वाटेला फिरकलो नाही.

चूक क्रमाची होती, हे नंतर कळलं. पंगतीत बसल्या बसल्या मठ्ठा पिऊन उठावं, तसं मी केलं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

हा लेख ‘शोवा’ काळातल्या चित्रपटांपुरता आहे. जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून पडलेलं हे नाव. गॉडझिलाच्या बाबतीत शोवा म्हणजे १९५४ ते १९७५, तोहो कंपनीचे एकूण १५ चित्रपट. शिवाय दाइएई कंपनीचा गमेरा नावाचा कासव आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. अशा अवाढव्य प्राण्याला जपानीत ‘कैजू’ म्हणतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ बघितलेल्यांना हा प्रकार नवा नाही. मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोटला हाक मारणारा तो मुलगा आणि दर भागातला नवा राक्षस याच घराण्यातले. (आपल्याकडे १९६६ साली ‘गोगोला’ नावाचा हिंदी राक्षसपटही येऊन गेला. कुणाचा भाऊबंद, ते नावातच कळतं.)

काय काय लागेल

• मूळ जपानी आवाज आणि सबटायटल असलेली प्रत.
• जमेल तेवढा मोठा पडदा. फोनवर बघू नका. मॉडेलमधल्या खिडक्या, विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या यांतच अर्धी मजा आहे.
• दीड तास. बहुतेक चित्रपट तेवढ्यातच आटोपतात.
• साल लिहिलेली चिठ्ठी. या चित्रपटांची नावं देशागणिक बदलतात, साल बदलत नाही. १९५५ चा दुसरा गॉडझिला अमेरिकेत चक्क ‘जायगँटिस’ या नावाने दाखवला गेला.
• सोबत एक माणूस. हसणारा हवा, पण पहिल्या दहा मिनिटांत ‘काय फालतू आहे’ म्हणणारा नको.

१. सुरुवात १९५४ पासूनच, आणि मूळ जपानी चित्रपटापासूनच

पहिला ‘गोजिरा’ कृष्णधवल आहे आणि त्यात विनोदाला जागा नाही. गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, या दोन शब्दांची मोट बांधून हे नाव तयार झालं. दिग्दर्शक इशिरो होंडा, ट्रिकदृश्यं एइजी त्सुबुराया यांची, संगीत अकिरा इफुकुबे यांचं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे सारखी भेटतात.

बघण्याआधी एवढं माहीत हवं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्या राखेत ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी बोट सापडली. २३ खलाशी आजारी पडले आणि बोटीचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. चित्रपट लागला ३ नोव्हेंबरला. तो सुरू होतो समुद्रातल्या एका बोटीवर, डोळे दिपवणाऱ्या लखलखाटाने. थिएटरात बसलेल्यांना हे कशाबद्दल आहे, ते सांगावं लागलं नसणार. पुढे लोकलमध्ये एक बाई सहज बोलून जाते की नागासाकीतून वाचले आणि आता हे. एक आई पोरांना कवेत घेऊन जळत्या शहरात बसलेली दिसते. रबराचा राक्षस आहे हे दिसत असतं, तरी हसू येत नाही.

सापळा: १९५६ ची अमेरिकन आवृत्ती. तिच्यात रेमंड बर या नटाची दृश्यं वेगळी चित्रित करून मध्ये घुसवली आहेत आणि मूळ चित्रपट बराच कापलाय. नागासाकीचा उल्लेख त्यात गेला. प्रत सुरू केल्यावर अमेरिकन पत्रकार इस्पितळात झोपलेला दिसला, तर बंद करा आणि दुसरी शोधा.

२. मग उडी मारा, ओळीने जाऊ नका

१९५५ चा दुसरा भाग घाईत केलेला आहे. नंतर कधी तरी बघा. थेट साठच्या दशकात या. माझा क्रम असा:

‘मोथ्रा’ (१९६१). राक्षस म्हणजे एक अळी, पुढे तिचा पतंग होतो. तिच्या बेटावरच्या वीतभर उंचीच्या जुळ्या मुली गाणं म्हणून तिला बोलावतात. ही कामं ‘द पीनट्स’ या जुळ्या गायिका बहिणींनी केली आहेत. गाण्याचे बोल जपानी नाहीत, इंडोनेशियन आहेत. कान देऊन ऐकलंत तर त्यात आपली ‘शक्ती’ सापडते आणि ‘दुआ’सुद्धा. मला ती तिसऱ्या खेपेला सापडली आणि उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ (१९६२). जाहिरातदारांच्या हावरेपणाची ही उघड टिंगल आहे. औषध कंपनीच्या जाहिरात विभागाच्या प्रमुखाला टीव्ही कार्यक्रमासाठी स्वतःचा राक्षस हवा असतो. काँगचं सोंग मात्र बघवत नाही. जुन्या सोफ्याचं कापड अंगावर ओढलेल्या माणसासारखं दिसतं. गंमत अशी की १९३३ चा ‘किंग काँग’ बघूनच त्सुबुरायांना या कामाचं वेड लागलं होतं. आणि हो, ‘जपानमध्ये गॉडझिला जिंकतो, अमेरिकेत काँग’ ही दंतकथा आहे. दोन्हीकडे काँगच पोहत घरी जातो. ती दंतकथा तुम्हाला कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगेलच.

‘मोथ्रा विरुद्ध गॉडझिला’ (१९६४). एकच बघायचा असेल तर हा. पोशाख, मॉडेलं, गोष्ट, संगीत, सगळं एकदाच जमून आलंय.

‘इन्व्हेजन ऑफ ॲस्ट्रो-मॉन्स्टर’ (१९६५). इथे गॉडझिला परग्रहावर जातो आणि लढाई जिंकल्यावर हातपाय वाकडे करून टुणटुण उड्या मारतो. ही उडी त्या काळच्या ‘ओसोमात्सु-कुन’ या लोकप्रिय विनोदी चित्रमालिकेतली आहे. जपानी पोरांनी ती लगेच ओळखली असणार. १९५४ च्या त्या जळत्या शहरानंतर अकरा वर्षांत हा प्राणी नाचायला लागला, हे लक्षात ठेवा. पुढच्या पायऱ्या याच उतारावरून जातात.

३. राक्षसाकडे नको, सोंगातल्या माणसाकडे बघा

ही पायरी जमली की उरलेलं सगळं आपोआप जमतं.

१९५४ ते १९७२ या काळातल्या बारा चित्रपटांत गॉडझिलाच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा एकच माणूस मुख्यतः होता. पहिल्या चित्रपटात कात्सुमी तेझुका हा नटही आलटून पालटून आत जायचा. नाकाजिमा किरकोळ भूमिका आणि स्टंट करणारा नट. दिग्दर्शक कुरोसावांच्या त्याच वर्षीच्या ‘सेव्हन सामुराई’ या चित्रपटामध्ये तो एक दरोडेखोर होता. पहिलं सोंग सुमारे शंभर किलोचं झालं. रबर इतकं ताठ की त्यात जेमतेम दहा मीटर चालता येईना. शेवटी ते कापून त्याचा खालचा भाग नुसत्या पावलांच्या दृश्यांसाठी वापरला आणि दुसरं हलकं सोंग केलं. ‘हलकं’ हे आपलं म्हणायचं.

राक्षस चालतो कसा, हे कळावं म्हणून नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसायचा. आता १९६४ चा चित्रपट पुन्हा लावा आणि फक्त पाय बघा. पाऊल टाकताना वजन आधी टाचेवर येतं, मग अंग पुढे झुकतं, मग शेपटी मागून येते. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा बघितलेल्यांना ही नजर लगेच येईल. लाकडी मुखवट्याचा चेहरा हलत नाही, त्यामुळे सोंग नाचवणारा सगळं मानेतून आणि खांद्यांतून बोलतो. इथेही तेच चाललेलं असतं, फक्त वर विजेचे मोठमोठे दिवे तळपत असतात.

त्या दिव्यांचीही एक गोष्ट आहे. छोटं मॉडेल मोठं वाटावं म्हणून कॅमेरा जलद फिरवतात आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवतात. त्यामुळे हालचाल संथ आणि जड होते. हिशोब वर्गमुळाचा आहे. मॉडेल १:२५ प्रमाणाचं असेल तर वेग पाचपट लागतो. कॅमेरा जितका जलद, तितका प्रत्येक चौकटीला उजेड कमी मिळतो, म्हणून दिवे वाढवावे लागतात. दिवे वाढले की रबराच्या आत माणूस उकडून निघतो. पडद्यावर जे वजन आपल्याला जाणवतं, त्याची किंमत आतला माणूस घामाने मोजत असतो. हे कळल्यापासून मी ‘रबरी’ हा शब्द जपून वापरतो.

आरोळीकडेही कान असू द्या. कुठल्याही प्राण्याचा आवाज तो नाही. राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बासच्या तारांवरून ओढला आणि ध्वनिमुद्रण संथ केलं. ही इफुकुबे यांची करामत.

४. खोटेपणा पकडायला शिका, मजा वाढते

मॉडेल किती सरस असो, पाणी आणि आग चुगली करतात. शहर लहान करता येतं, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. म्हणून गॉडझिला समुद्रातून वर येताना अंगावरून ओघळणारे थेंब डोक्याएवढे दिसतात, आणि जळणाऱ्या इमारतीच्या ज्वाळा शेगडीतल्यासारख्या लपलपतात. प्रसंग आला की आधी तिकडे बघा.

मग तारा. तीन डोक्यांचा सोनेरी घिदोरा (पहिल्यांदा १९६४ च्या शेवटी) आला की नजर पडद्याच्या वरच्या कडेला न्या. माना, शेपट्या आणि पंख वरून तारांनी हलवतात आणि आतला माणूस मधलं धड सांभाळतो. तीन माना एकमेकींत न गुंतवता हे करणं किती अवघड असेल! पुण्यात गणपतीतले हलते देखावे मागच्या बाजूने कधी बघितले असतील, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काही चुका नुसत्याच चुका आहेत. १९५५ च्या चित्रपटात एका कॅमेऱ्याचा वेग चुकून जास्तीऐवजी कमी लागला आणि राक्षस धावपळ केल्यासारखे झटापट करू लागले. त्सुबुरायांना ते आवडलं म्हणून तसंच ठेवलं, असं सांगतात. १९६२ च्या चित्रपटातला ऑक्टोपस काही दृश्यांत खराखुरा जिवंत आहे. तो मॉडेलच्या झोपड्यांवर आपल्या मर्जीने फिरतो आणि अभिनयात काँगला मागे टाकतो.

५. सत्तरच्या दशकात शिरण्याआधी पैशाची गोष्ट समजून घ्या

बहुतेक नवखे इथे फसतात. १९६९ ते १९७३ चे चित्रपट बघितले की वाटतं, यांना अक्कल नव्हती का? अक्कल होती, पैसा नव्हता.

१९५८ साली जपानमध्ये सिनेमाची ११२ कोटींहून जास्त तिकिटं खपली. १९७० साली तो आकडा पंचवीस कोटींच्या आसपास आला. मधल्या काळात घरोघरी टीव्ही आला, आणि १९६६ पासून तर त्सुबुरायांच्याच कंपनीचे ‘अल्ट्रा क्यू’ आणि ‘अल्ट्रामॅन’ पोरांना दर आठवड्याला घरबसल्या नवा राक्षस दाखवू लागले. ‘अल्ट्रामॅन’च्या दहाव्या भागातला जिरास बघाच. गॉडझिलाच्याच पोशाखाच्या गळ्यात झालर बांधलीय. लढाईत अल्ट्रामॅन ती झालर उपटून टाकतो आणि समोर उघडावाघडा गॉडझिला उभा! आत पुन्हा नाकाजिमाच.

त्सुबुराया जानेवारी १९७० मध्ये वारले. तोहोने गॉडझिला मुलांच्या सुट्टीतल्या ‘चॅम्पियन मात्सुरी’ या कार्यक्रमात टाकला, कार्टूनच्या जोडीला. पैसे वाचवायचे तर जुनी दृश्यं कापून नवीन चित्रपटात चिकटवायची. त्यामुळे १९७२ च्या ‘गॉडझिला विरुद्ध गायगन’मध्ये रात्रीच्या लढाईत मधूनच दिवस उजाडतो आणि पुन्हा रात्र होते. त्याच चित्रपटात गॉडझिला आणि त्याच्या जोडीचा राक्षस अँगिरस बोलतात आणि त्यांच्या तोंडाशी चित्रकथेसारखे फुगे येतात. मला हे फुगे आवडतात, भांडायचं असेल तर भांडा.

या काळातले दोन चित्रपट सोडू नका. १९६९ चा ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’ जुन्या दृश्यांनी भरलाय आणि चाहते त्याला नावं ठेवतात. पण तो कावासाकीच्या धुरकट कारखान्यांशेजारी राहणाऱ्या एका मुलाची गोष्ट आहे. आईबाप दोघंही कामावर, गळ्यात घराची किल्ली, शाळेत दांडगी मुलं मारतात, आणि दुपारी झोपेत तो राक्षसांच्या बेटावर जातो. जुनी दृश्यं त्याच्या स्वप्नात येतात, आणि पोरं स्वप्नात बघितलेलंच पुन्हा बघतात की!

दुसरा ‘गॉडझिला विरुद्ध हेदोरा’ (१९७१). दिग्दर्शक योशिमित्सु बान्नो. राक्षस म्हणजे प्रदूषणाचा जिवंत गाळ, कारखान्याच्या धुराड्याला तोंड लावून धूर ओढणारा. मध्येच कार्टून, मध्येच डिस्कोत माशांच्या तोंडाची माणसं, मध्येच चिखलातली मांजर. हे सगळं भीषण चाललेलं असताना गॉडझिला तोंडातली ज्वाळा जमिनीकडे सोडून तिच्या जोरावर उलटा उडतो. निर्माता तोमोयुकी तानाका तेव्हा इस्पितळात होते. बरे होऊन आल्यावर त्यांनी हे बघितलं आणि बान्नोंना पुन्हा गॉडझिला काही मिळाला नाही.

आणि १९७३ चा, माझ्या हॉस्टेलवाला? आता बघा. जेट जॅग्वार हा रोबोट एका मुलाने स्पर्धेत पाठवलेल्या कल्पनेवरून जन्मला आहे. घसरत येऊन मारलेल्या लाथेला आता तुम्हीही हसाल, आणि हसताना पायांकडे बघाल.

६. मग गमेरा

दाइएई कंपनीला आधी उंदरांचा चित्रपट करायचा होता. खरे जिवंत उंदीर मॉडेलच्या शहरात सोडायचे, असा बेत. उंदरांबरोबर पिसवा आल्या, स्टुडिओ हैराण झाला आणि चित्रपट बारगळला. मग १९६५ साली आला गमेरा: आग खाणारा कासव. पाय कवचात ओढून घेतो, त्या भोकांतून ज्वाळा सोडतो आणि भिंगरीसारखा फिरत उडतो. याहून जास्त स्पष्टीकरण चित्रपटातही नाही.

पहिला भाग कृष्णधवल आणि बेताचा. १९६७ चा, ग्याओस या शत्रूशी लढाई असलेला, सर्वांत चांगला. १९६९ चा ग्युरोनवाला सर्वांत वेडा: शत्रूचं डोकं म्हणजे भला मोठा सुरा, त्याने तो दुसऱ्या राक्षसाच्या फोडी करतो. गमेरा मधेच एका आडव्या खांबाला लटकून जिम्नॅस्टिकच्या गिरक्या घेतो. माझ्या सात वर्षांच्या भाचीने हे बघून विचारलं, “मामा, त्याला चक्कर नाही येत?” लहान मुलांबरोबर बघणार असाल तर एक इशारा. फोडी आणि रंगीबेरंगी रक्त यात भरपूर आहे. आम्ही तेवढा भाग चहा करायच्या निमित्ताने पुढे ढकलला.

१९६८ च्या भागात जुनी दृश्यं मिनिटामागून मिनिट चालतात. खुशाल उठून पाणी पिऊन या. १९७१ च्या अखेरीस दाइएईचं दिवाळं वाजलं.

७. प्रत घेताना

माझी सर्वांत महागडी चूक इथली. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून ब्लू-रेचा संच मागवला, घरच्या प्लेअरमध्ये घातला आणि पडद्यावर नुसती सूचना आली. भारत ब्लू-रेसाठी ‘सी’ विभागात येतो, अमेरिका आणि जपान ‘ए’ विभागात. डीव्हीडीसाठी आपला क्रमांक ५, अमेरिकेचा १, जपानचा २. पाकिटावर ‘सर्व विभाग’ असं छापलेलं नसेल तर तुमचा प्लेअर कुठलीही डिस्क वाचतो का, हे आधी तपासा.

दुसरं, चौकट. साठच्या दशकातले बहुतेक गॉडझिला रुंद पडद्यासाठी केलेले आहेत. जुन्या टीव्हीसाठी कडा कापलेल्या प्रतीत दोन राक्षसांच्या लढाईत एकच दिसतो आणि दुसरा कुठून तरी दगड फेकतो. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या असतील तर ती बरी प्रत.

तिसरं, डबिंग. इंग्रजी डबिंगमुळेच हे चित्रपट जगभर चेष्टेचा विषय झाले. ओठ थांबले तरी आवाज चालू. एकदा मजा म्हणून बघा, पण पहिल्यांदा नको. जपानी नट त्या वेड्या गोष्टी अगदी गंभीरपणे बोलतात, डबिंगमध्ये ते सगळं जातं. ‘सेव्हन सामुराई’त म्होरक्या झालेले ताकाशी शिमुरा पहिल्या गॉडझिलात वृद्ध शास्त्रज्ञ आहेत. त्यांचा आवाज काढून टाकायचा, म्हणजे काय!

८. गायगन शेवटी पुन्हा लावा

फुग्यांसाठी नाही, नाकाजिमासाठी. १९७२ चा हा त्याचा शेवटचा गॉडझिला. वय त्रेचाळीस, अठरा वर्षं त्या रबरात गेलेली. याच सुमारास तोहोने नटांचे करार संपवले आणि त्याला कंपनीच्या बोलिंगच्या खेळघरात कामाला लावलं. चित्रपटात तो दमलेला दिसतो का, हे मी तीनदा बघितलं. पोशाख जुना झालाय, मारामारीत त्याचे तुकडेही पडतात. पण टाच अजून आधी टेकते, अंग मग झुकतं, आणि शेपटी मागून येते.